कुजण्याचा हिशेब

उसाची तोड संपते, मोळ्या ट्रॅक्टरवर चढतात, टोळी पुढच्या फडात जाते आणि मागे उरतं पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन. कोल्हापूर-सांगलीपासून अहिल्यानगरपर्यंत बरीच वर्षं त्याची विल्हेवाट एका काडीत लागत आली आहे. वारा पडला की बांधाच्या कडेनं पेटवायचं, तासाभरात रान मोकळं, दुसऱ्या दिवशी खोडव्याला पाणी. टनभर पाचटात चार-पाच किलो नत्र, नऊ-दहा किलो पालाश आणि तीनशे-चारशे किलो सेंद्रिय कर्ब असतो. पालाश राखेत बऱ्यापैकी उरतं. नत्र आणि कर्ब मात्र जवळजवळ सगळे धुरावाटे जातात. मग आठवडाभरात तोच शेतकरी युरियाच्या पोत्यासाठी कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा असतो.

त्याला हे कळत नाही असं कुणी समजू नये. पाचट ठेवलं तर उंदीर होतात, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, फुटवे दबतात, आणि मुख्य म्हणजे ते लवकर कुजत नाही. यातला शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. का कुजत नाही? आणि जिथे कुजतं तिथे कोण कुजवतं, त्यात त्याचा काय लाभ? हे पुस्तक या साध्या प्रश्नांचं आहे. त्यांची उत्तरं मात्र साधी नाहीत, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळीची आकृती असते. वर सूर्य, खाली गवत, मग ससा, मग लांडगा, आणि एका कोपऱ्यात अळंबी काढून तिच्याकडे सगळीकडून बाण आणलेले. तिच्याखाली लिहिलेलं असतं: विघटक, निसर्गाचे सफाई कामगार. ही कल्पना लोभस आहे, पण तिने या विषयाचं नुकसानच केलं असं माझं स्पष्ट मत आहे. सफाई कामगार दुसऱ्याचं अंगण झाडतो. बुरशी आणि जिवाणू कुणाचंही अंगण झाडत नाहीत, ते जेवायला बसलेले असतात. झाडांच्या मुळांना जे मिळतं ते या पंगतीत उरलेलं. किती उरेल, कधी उरेल आणि काहीच न उरता उलट मुळांपाशी असलेलंही कधी संपेल, हे जेवणारे ठरवतात. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की शेतातली आणि जंगलातली अनेक कोडी आपोआप सुटू लागतात.

हिशेब असा. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे आठ भाग असतात. खाल्लेल्या कर्बापैकी तो साधारण एक तृतीयांश अंगी लावतो. उरलेला दोन तृतीयांश श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे नत्राच्या एका भागामागे त्याला अन्नात कर्बाचे चोवीस भाग लागतात. ताग, धैंचा, गिरिपुष्पाचा कोवळा पाला यांत कर्बाचं प्रमाण याहून कमी असतं, म्हणून ते कुजताना नत्र शिल्लक पडतं आणि पिकाला मिळतं. गव्हाच्या काडात ते ऐंशीच्या घरात, पाचटात ऐंशीपासून शंभराच्याही पुढे. इथे जिवाणूंपुढे भाकऱ्यांची चवड आहे आणि कालवण चमचाभर. मग ते कालवण शेजारून, म्हणजे जमिनीतल्या नत्रातून उचलतात. त्यांची संख्या अफाट, पिढी काही तासांची किंवा दिवसांची. मुळांचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. पाचट ठेवल्यावर ऊस पिवळा पडला ही तक्रार खरी आहे ती अशी.

पाचट कुजवण्याची जी शिफारस आपल्याकडे केली जाते ती या हिशेबावरच उभी आहे. टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं, पाचट सरीत दाबून मातीला टेकवायचं, ओल राखायची. आठ किलो युरियातून पावणेचार किलोच्या आसपास नत्र येतं. पाचटात मुळात त्याहून थोडंच जास्त असतं. म्हणजे कालवण जवळपास दुप्पट झालं. हे नत्र कुठे पळून जात नाही. जिवाणूंना प्रोटोझोआ आणि सूत्रकृमी चरतात, त्यांना लागतं त्यापेक्षा जास्त नत्र त्यांच्या पोटात जातं आणि जादाचं ते अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. तेव्हा कुठे ते मुळांच्या हाती लागतं. अर्धकच्चं शेणखत ऐन पेरणीच्या तोंडावर टाकू नये असं जुने लोक सांगतात, त्यामागे हुमणीची भीती आहेच, पण हा उधारीचा काळही आहे.

कुजण्याला क्रम असतो. सह्याद्रीतल्या पानझडी जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गळतं तेव्हा ते आधीच निम्मं रिकामं असतं, कारण गळण्यापूर्वी झाड त्यातलं जवळपास निम्मं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. खाली पडतो तो मुख्यतः कर्ब. पुढचे तीन महिने, वाळवी सोडली तर, त्याला फारसं कुणी हात लावत नाही. मग पाऊस येतो. आधी पाण्यात विरघळणारं सगळं, म्हणजे साखर आणि पालाश, धुऊन निघतं. त्यामागून बुरशीचे तंतू पानात शिरतात. पानं फाडण्याचं काम वाणी, गोम्यांचे हे शाकाहारी चुलत भाऊ, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीकिडे आणि स्प्रिंगटेल करतात. फाडलं की पृष्ठभाग वाढतो आणि जिवाणूंना जागा होते. यांच्यापैकी कुणीही पुढच्यासाठी काम करत नसतो. प्रत्येक जण आपलं खातो आणि त्याच्या विष्ठेवर पुढचा जगतो.

पिंपळपानाची जाळी करणाऱ्या मुलांनी हा क्रम पाहिलेला असतो. पान नुसतं वहीत दाबून जाळी होत नाही, आधी ते काही आठवडे पाण्यात भिजत घालावं लागतं. त्या पाण्याला येणारा वास जिवाणूंच्या जेवणाचा असतो. पानातला मऊ गर ते आधी खातात. साखर, प्रथिनं, पेशींना सांधणारं पेक्टिन. शिरा उरतात, कारण शिरांमध्ये लिग्निन असतं. लिग्निन हा लाकडाला कणखरपणा देणारा रेणू. त्याची रचना इतकी वेडीवाकडी आहे की एका ठरावीक विकरानं तो कापता येत नाही. तो नीट फोडणारे जीव थोडे, आणि त्यांत आघाडीवर आहे एक बुरशीचा गट.

जंगलात पडलेलं खोड बोटानं उकलून पाहावं. लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी ठोकळे पडत असतील, तर तिथल्या बुरशीनं सेल्युलोज खाऊन लिग्निन बव्हंशी तसंच टाकून दिलं आहे. लाकूड पांढरट, ओलसर होऊन धाग्याधाग्यानं सुटत असेल, तर लिग्निनही फुटलं आहे. गंमत अशी की या दुसऱ्या बुरशीला लिग्निनमधून ऊर्जा जवळजवळ काहीच मिळत नाही. ती ते फोडते ती आत कोंडलेल्या सेल्युलोजसाठी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या किंवा गोव्यातल्या म्हादईच्या जंगलात रात्री कुजक्या काटक्या हिरवट उजळतात, ती मायसिना वंशातली बुरशी याच उद्योगात असते. टॉर्च विझवून डोळे सरावल्याशिवाय ती दिसत नाही. दिसली तर काटकी उचलून घरी नेऊ नये, वाळली की उजेड जातो.

दगडी कोळशाचे मोठे साठे तयार झाले, कारण त्या काळात लिग्निन फोडणारी बुरशी जन्मलीच नव्हती, असा एक तर्क २०१२ च्या सुमारास फार गाजला. पुढे त्यावर सबळ आक्षेप आले: दलदली आणि भूकवचाच्या हालचाली एवढं कारण पुरेसं आहे, बुरशीच्या गैरहजेरीची गरज नाही. मला आक्षेप पटतात. पण गोष्ट इतकी रंजक आहे की ती इतक्यात मरायची नाही.

वाळवीबद्दलही असाच एक समज आहे, की ती लाकूड पचवते. आपल्याकडे वारुळं बांधणाऱ्या वाळवीला ते एकटीनं जमत नाही. ती चावलेलं लाकूड आणि पाला वारुळात नेते, त्याची सच्छिद्र पोळी रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. लिग्निनचं काम बुरशी करते, वाळवी ती बुरशी आणि तिनं मऊ केलेलं खाद्य खाते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती या बागेतली. वाळवीला वगळून ही अळंबी धंद्यासाठी लावणं अजून कुणाला साधलेलं नाही, त्यामुळे गोव्याच्या बाजारात तिला मटणाच्या वर भाव येतो आणि वारुळं उकरली जातात. त्याच गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. खालची चिकणमाती वर आणणारं, पाचोळा आत ओढणारं वारूळ भूमीची देवता ठरावं, यात मला अंधश्रद्धेपेक्षा निरीक्षण जास्त दिसतं. घराची चौकट पोखरणारी वाळवी आणि ही वाळवी बऱ्याचदा वेगवेगळ्या कुळांतल्या. सगळ्यांना एकच औषध फवारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

गांडुळांवर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय की इथे थोडक्यात आवरतो. चार्ल्स डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ चं, मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. विषय मात्र त्यानं १८३७ मध्येच जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला होता. इंग्लंडमधल्या अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा अंदाज होता. पान बिळात ओढताना गांडूळ ते बहुधा टोकाकडून धरतं, हे त्यानं कागदाचे त्रिकोण कापून तपासलं. एवढ्या मोठ्या माणसानं म्हातारपणी हे करावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. एक सूचना मात्र हवी: गांडूळखताच्या बेडवरची आयसेनिया फेटिडा ही परदेशी आणि पाचोळ्यात राहणारी जात आहे. ती आणून शेतात सोडल्यानं शेतातली खोल बिळं करणारी गांडुळं वाढत नाहीत.

खरं तर या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं पान आपल्याच भागात लिहिलं गेलं. इंदूरला होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. इंदूरला त्यांच्यापुढे प्रश्न होता तो माळव्यातल्या आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्यापुढे असतो तोच: शेण निम्मं गोवऱ्यांत जळतं आणि पऱ्हाटी-तुराटी कुजत नाही. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग यंत्राचा नव्हता. पऱ्हाटी आणि तुराटी फार्मच्या रस्त्यांवर अंथरायची. बैलगाड्या येता-जाता तिचा चुरा करतात. तो चुरा गोठ्यात जनावरांखाली पसरायचा. मूत्रानं भिजलेला बिछाना, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख आणि चालू खड्ड्यातलं थोडं बुरशी धरलेलं खत असे थर द्यायचे. खड्डा दोनच फूट खोल, कारण त्याखाली हवा पोचत नाही. तीनदा पालटायचा. तीन महिन्यांत खत तयार.

यात हॉवर्ड यांनी नवं काय केलं? उकिरडा तर प्रत्येक गावात होता. पण तो खोल आणि पावसात तुंबणारा. आत हवा नाही, म्हणून हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे माजतात, घाण सुटते, नत्र उडून जातं. इंदूर पद्धतीत जेवणाऱ्यांना काय हवं ते आधी पाहिलं: हवा, ओल, आणि कर्ब-नत्राचं योग्य प्रमाण. हे मांडणारं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या जगभरातल्या इतिहासात पहिलं नाव सगळ्यांना ठाऊक. दुसरं मराठी वाचकांनाही सांगावं लागतं. हे बदलायला हवं.

आता पावसाकडे. उन्हाळ्यात तडकलेली जमीन पहिल्या पावसानं भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आणि नत्र यांचा एकदम लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात हे मोजलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. कोरड्यानं मेलेले सूक्ष्मजीव आणि उकललेले मातीचे कण हे वाचलेल्यांना आयतं अन्न होतं. हा लोंढा थोडे दिवसच टिकतो, आणि कोकणात तर त्यामागोमाग पडणारा पाऊस सुटलेलं नायट्रेट खाली वाहून नेतो. मृग साधण्याची शेतकऱ्याची घाई, कोकणातली धूळवाफ पेरणी, यांना पाण्याचं कारण आहेच, पण लवकर रुजलेल्या पिकाच्या मुळांना या नत्राचाही वाटा मिळतो.

कोकणातला राब हा मात्र उलट मार्ग. शेण, कवळ, पाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून रोपवाटिकेची जमीन उन्हाळ्यात भाजायची. कुजण्याची वाट न पाहता स्फुरद आणि पालाश एकदम हाती येतं, तणाचं बी मरतं, भाताचं रोप तरारतं. किंमत म्हणजे कर्ब, नत्र आणि ऐनाच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या. राबाला सरसकट मूर्खपणा म्हणणाऱ्यांत मी नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पावसात, जांभ्याच्या धुपलेल्या जमिनीवर रोप जगवायचं तर माणूस असा काही मार्ग काढणारच. पण पाचट जाळण्याला हे समर्थन लागू होत नाही.

कुजवणारे हजर नसले तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. युरोपीय लोकांनी गाई नेल्या, पण गाईचं ओलं शेण गाडणारे किडे नेले नाहीत. पोवट्या कुरणांवर वाळून पडून राहू लागल्या, त्याखालचं गवत मेलं आणि माश्यांचा सुळसुळाट झाला. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९६० च्या दशकापासून बाहेरून, मुख्यतः आफ्रिकेतून, शेणकिडे आणून सोडले गेले, तेव्हा शेण जमिनीत जाऊ लागलं. आपल्या माळावर ताज्या पोवट्यावर काडी मारून पाहिली तर हे किडे फुकट दिसतात. गुरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा अंश शेणातून उतरतो आणि त्यांच्या अळ्या मारतो, हे पशुपालकांना कुणी सांगत नाही.

आणि आता बाटल्या. कुजवणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्या आणि पुड्या आज प्रत्येक दुकानात आहेत. काही चांगल्या असतीलही. पण चिमूटभर जिवंत मातीत अब्जावधी जिवाणू आधीच असतात. बहुतेक शेतांत जिवाणूंची वाण नाही, त्यांच्या अन्नाची, ओलीची आणि सावलीची आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली उतरलाय. रिकाम्या ताटावर पाहुणे वाढवून काही होत नाही. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर नांगरट टाळून आधीच्या पिकाचे बुडखे आणि मुळं जमिनीतच कुजू द्या असं सांगत आले, ते मला बाटल्यांपेक्षा जास्त विचारांती केलेलं वाटतं. जमिनीत टिकून राहणाऱ्या कर्बाचा मोठा वाटा मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा असतो, हे अलीकडचं संशोधन त्याच दिशेला बोट दाखवतं. त्यांना जेवू घातलं, की त्यांची कलेवरंच मातीच्या कणांना चिकटून राहतात.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. यात गिधाडं, तरस, कावळे नाहीत; ते मेलेलं खातात, पण रेणू फोडून खनिज मोकळं करण्याचं काम त्यांच्यानंतर सुरू होतं. शहरातल्या कचऱ्याचाही इथे विचार नाही, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

वाचकाला एकच विनंती. मृगाच्या आधी हातभर पांढरं सुती कापड, जुन्या बनियनचं चालेल, शेतात किंवा कुंडीत वीतभर खोल पुरा आणि जागेवर खूण ठेवा. दुसरं तसंच कापड बांधावरच्या झाडाखाली पाचोळ्यात पुरा. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. दोन महिन्यांनी दोन्ही उकरून शेजारी शेजारी धरा. ज्याच्या जास्त चिंध्या झाल्या असतील तिथली माती जास्त कामाची. शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याची असेल तर ती दोन्हीकडे जशीच्या तशी निघेल.